चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा पंखा

रास्पबेरी पाय पहिल्यांदा विकायला आला तो २९ फेब्रुवारी २०१२ ला. (म्हणजे बिचाऱ्याचे खरे वाढदिवस आत्तापर्यंत तीनच झाले.) क्रेडिट कार्डाएवढा बोर्ड, ७०० मेगाहर्ट्झचा एकच कोअर, २५६ एमबी रॅम आणि किंमत ३५ डॉलर. केंब्रिजच्या एबेन अप्टन आणि मंडळींना शाळकरी पोरांच्या हातात असं काहीतरी द्यायचं होतं, की जे बिघडलं तरी आईबापांच्या पोटात गोळा येणार नाही. त्या बोर्डावर पंखा नव्हता. हीटसिंकही नव्हता. फोनच्या चार्जरवर चालायचा आणि आवाज म्हणाल तर शून्य.

आता २०२३ मध्ये आलेला पाय ५ बघा. २.४ गिगाहर्ट्झचे चार कोअर, झकास मशीन आहे, वादच नाही. पण त्याला ५ अँपिअर देणारा अडॅप्टर लागतो. साधा ३ अँपिअरचा लावलात तर चालतो, पण यूएसबीच्या सगळ्या पोर्टना मिळून फक्त ६०० मिलीअँपिअर सोडतो, म्हणजे हार्डडिस्क लावायचं विसरा. मग त्याला पंखेवाला कूलर. मग एसडी कार्ड हळू वाटतं म्हणून एनव्हीएमई एसएसडी, ती बसवायला वेगळी हॅट. हॅट बसवली की जुनी केस बसत नाही, म्हणून नवी केस. हॅटखाली कूलरला हवा पुरत नाही, म्हणून केसला अजून एक पंखा. शेवटी सगळ्याची बेरीज करून बघा, मूळ बोर्ड त्यात निम्म्याच्या आसपास येतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच.

आमच्या ऑफिसात दर दोनतीन महिन्यांनी एखादा नवा भिडू पाय घेतो आणि जेवणाच्या सुट्टीत एकच प्रश्न विचारतो, "कूलिंगला काय लावू?" पाय कशासाठी घेतलाय हे कोणीच आधी सांगत नाही. खोदून विचारलं की कळतं, घरातल्या जाहिराती अडवायला पाय-होल टाकायचाय. अहो, पाय-होलला २०१२ चा पहिला पायसुद्धा कंटाळून झोप काढेल! पण यूट्यूबवर कोणीतरी तीन हजार रुपयांचा तांब्याच्या नळ्यांचा मनोरा बसवून ३८ अंश तापमान दाखवलेलं असतं, आणि आपला पाय ५८ दाखवतो म्हणून पोराची झोप उडालेली असते.

तर माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पटत नसेल त्यांना इथेच वाट बदलता येईल. हौसेखातर पाय चालवणाऱ्या दहातल्या आठजणांना नवा बोर्ड लागत नाही. उरलेल्या दोघांतल्या एकाला पाय नकोच असतो, त्याला जुना मिनी पीसी हवा असतो. आणि पंखा हा थंड करण्याचा पहिला उपाय नसून शेवटचा आहे. निदान आपल्याकडे तरी.

"आपल्याकडे" हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण कूलिंगचे सगळे आकडे आपण वाचतो ते कुठल्यातरी २२ अंशांच्या खोलीतले. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं गणित आहे, ओहमच्या नियमाचा चुलतभाऊ. चिपचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक (वॉट गुणिले थर्मल रेझिस्टन्स). उघड्या पाय ४ चा हा रेझिस्टन्स माझ्या मोजमापात ढोबळमानाने दर वॉटला १० अंश येतो. बोर्ड निवांत बसलेला असताना ३ वॉट खातो, चारही कोअर राबवले की ६ च्या आसपास. म्हणजे निवांत असताना खोलीपेक्षा ३० अंश वर आणि राबताना ६० अंश वर. पुण्यात डिसेंबरात खोली २४ अंश, निवांत पाय ५४. सगळं छान. हाच पाय मे महिन्यात अकोल्याला न्या. खोली ४१. आता काहीही न करता बसलेला पाय ७१ वर, आणि थोडं काम दिलं की ८० ला टेकलाच. ८० ला तो आपणहून वेग कमी करायला लागतो, ८५ ला तर पारच कमी करतो. बोर्ड तोच, सॉफ्टवेअर तेच, बदलली ती फक्त खोली. कुठलाही हीटसिंक, कुठलाही पंखा त्या बेरजेतले पहिले ४१ कमी करू शकत नाही. पंखा खोलीचीच हवा मारणार ना?

अकोला हे उदाहरण मी हवेतून काढलेलं नाही. माझे आईबाबा तिथे असतात आणि त्यांच्याकडे एक पाय ४ आहे. बाबांनी चाळीसेक वर्षं कॅसेटवर रेकॉर्डिंगं केली. रेडिओवरची नाट्यसंगीतं, देवळातली कीर्तनं, गणेशोत्सवातले कार्यक्रम, आणि या सगळ्याच्या मधेच कुठेतरी माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणतेय अशा दोन कॅसेटी. आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. कॅसेटच्या फिती एकमेकींना चिकटायला लागल्या होत्या, तेव्हा दोन दिवाळ्यांच्या सुट्ट्या घालवून मी सगळं डिजिटल केलं आणि पायवर टाकलं. एक प्रत माझ्याकडे पुण्यात आहे, तेव्हा ओव्या हरवणार नाहीत. पण ऐकायच्या त्या तिथे, संध्याकाळी सहा वाजता, जुन्या अँप्लिफायरवर. आणि त्या घरात स्क्रूड्रायव्हर घेऊन डबी उघडणारं कोणी नाही. मी साडेचारशे-पाचशे किलोमीटर लांब.

पहिल्या वर्षी त्या पायला ३० मिलिमीटरचा चिमुकला पंखा होता, बोर्डबरोबर किटमध्ये आलेला. मार्चपर्यंत नीट चालला. एप्रिलात धूळ बसली, बेअरिंग सुकलं आणि पंखा रात्री रातकिड्यासारखा ओरडायला लागला. आईने बटण बंद केलं. कोणीही केलं असतं. बाबांचा फोन आला, "काय रे, तुझ्या त्या डबीला ताप चढून राहिला का? दोन दिवस झाले, मी कॅसेटच लावून राहिलो." आणि ती चिकटायला आलेली फीत पुन्हा त्या जुन्या डेकमध्ये फिरत होती. म्हणजे जी गोष्ट वाचवायला एवढा खटाटोप केला, ती पंधरावीस रुपयांच्या पंख्यापायी पुन्हा पणाला लागली होती.

तेव्हापासून छोट्या पंख्यांवर माझा राग आहे, कबूल. पण रागामागे हिशोबही आहे. ३० मिलिमीटरचा पंखा आकाराने इतका लहान असतो, की पुरेशी हवा ढकलायला त्याला भन्नाट वेगाने फिरावं लागतं. वेग म्हणजे आवाज, आवाज म्हणजे घासणं, घासणं म्हणजे मरण. १२० मिलिमीटरच्या पीसीच्या पंख्याचं क्षेत्रफळ त्याच्या सोळापट. तो १२ व्होल्टचा पंखा ५ व्होल्टवर लावला (काही पंखे एवढ्यावर सुरूच होत नाहीत, तपासून घ्या) तर हळूहळू फिरतो, आवाज जवळजवळ येत नाही आणि वर्षानुवर्षं टिकतो. दिसायला हास्यास्पद, पायपेक्षा पंखा मोठा! पण पंखा लावायचाच असेल तर असा लावा.

पाय ५ च्या अधिकृत कूलरबद्दल मात्र मी वाईट बोलणार नाही. ५ डॉलरला एवढी नीट बनवलेली वस्तू क्वचितच मिळते. ५० अंशांखाली पंखा बंद, ५० ला हळू सुरू, ६० ला मध्यम, साडेसदुसष्टला जोरात आणि ७५ ला पूर्ण वेगाने. शहाणी योजना आहे, कारण कामं नसताना पंखा थांबतो आणि घरात शांतता. पण हे ५० कोणत्या खोलीत बसून ठरवलंय ते उघड आहे. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ४० ला असते, म्हणजे पायला निवांत असताना खोलीपेक्षा फक्त दहा अंश वर राहायची मुभा. ते होत नाही. परिणामी केंब्रिजमध्ये दिवसभर गप्प बसणारा पंखा विदर्भात मार्च ते जून एकदाही थांबत नाही. हे उंबरठे कॉन्फिग फाइलमध्ये बदलता येतात. पहिला उंबरठा ६५ वर नेऊन ठेवा, काही बिघडत नाही.

कारण (आणि इथे बरेच लोक माझ्याशी भांडतात) ६५ अंशांना काही होत नाही. ७० लाही होत नाही. आपल्या बोटाला ६० अंश म्हणजे चटका, म्हणून आपल्याला वाटतं सिलिकॉनलाही चटका बसत असणार. त्याला नाही बसत. चिप ८५ पर्यंत चालायला बनवलेली आहे. ८० च्या खाली राहिली, वेग कमी झाला नाही, तर तिथे विषय संपला. ६२ चे ४२ करण्यासाठी घातलेले दीड हजार रुपये हे स्क्रीनशॉटसाठी घातलेले असतात.

मग अकोल्याच्या पायचं काय केलं? पहिल्यांदा वॉट कमी केले. बेरजेतला हाच भाग आपल्या हातात असतो आणि गंमत म्हणजे फुकट असतो. गाणी वाजवायला दीड गिगाहर्ट्झ कशाला? कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ टाकून कमाल वेग १.२ वर आणला. चिप खाते ती पॉवर वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे वेग खाली आला आणि त्याबरोबर व्होल्टेज थोडं जरी उतरलं तरी वॉट चांगलेच उतरतात. वायफाय आणि ब्लूटूथ बंद केलं, केबल होतीच. डेस्कटॉप काढून टाकला, कारण त्या पायला स्क्रीनच नाही. ओव्हरक्लॉकिंगच्या लेखांनी इंटरनेट भरलंय, पण अंडरक्लॉकिंगवर फारसं कोणी लिहीत नाही, कारण त्यात मिरवण्यासारखं काही नाही.

दुसरं म्हणजे पंखा काढून अख्खी अॅल्युमिनियमची केस बसवली. दोन जाड तुकडे, पंख असलेले, मधे थर्मल पॅड आणि चार स्क्रू. केसच हीटसिंक. पाय ३ बी प्लसपासून चिपवर धातूचं झाकण असतं, त्यामुळे पॅड नीट चिकटतो. फक्त पॅडवरचं प्लास्टिकचं पातळ कव्हर काढायला विसरू नका. या केसने रेझिस्टन्स १० वरून ६ वर आला. उरलेल्या त्या बंद प्लास्टिकच्या सुंदर डब्या येतात ना, त्या पायला गोधडी पांघरण्यासारख्या आहेत. त्यापेक्षा बोर्ड उघडा बरा, फक्त पाली आणि मुंग्या सांभाळा.

तिसरं, जागा बदलली. आपल्याकडे पाय ठेवतात कुठे? टीव्हीच्या मागे, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर, राउटरला चिकटून. नाहीतर माळ्यावर, थेट स्लॅबखाली, जिथे दुपारची भट्टी रात्री दहापर्यंत धगधगत असते. मी तो भिंतीतल्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या कडप्प्यावर उभा ठेवला. उभा ठेवल्याने खालून हवा आत शिरते, गरम होऊन वर निघते, फुकटचा पंखा. कडप्पा मुळात गार असतो, आणि जमिनीजवळची हवा छताजवळच्या हवेपेक्षा काही अंश कमी. त्याच खोलीत बाबांचा वाळ्याचा कूलर चालतो तेव्हा खोली ३२-३३ पर्यंत उतरते. विदर्भात कूलर म्हणजे हाच, लोखंडी, खोलीएवढा घोंघावणारा. पायच्या कूलरचं नाव काढलं तेव्हा बाबांनी आधी हेच विचारलं होतं, की त्याच्यात पाणी कोण भरणार. (कूलरच्या झोतात मात्र पाय ठेवू नका. ओली हवा आणि तुषार. कोकणात तर हा प्रकार मुळातच चालत नाही, हवेला आधीच घाम फुटलेला असतो.)

या मे महिन्यात कूलर बंद असताना दुपारी चार वाजता आकडे घेतले. खोली ४१, गाणी वाजवताना पाय ५९. चारही कोअर पूर्ण राबवून, तापमान स्थिर होईपर्यंत थांबून, १.२ वर ७०. मुद्दाम पुन्हा दीडवर नेऊन बघितलं तर ७७. म्हणजे वेग न उतरवताही निभावलं असतं, पण काठावर. आवाज शून्य.

पण मंडळी, खरं सांगू का? आपल्याकडचे पाय उष्णतेने मरत नाहीत, विजेने मरतात. एक तर वीज जाते. लिहीत असताना वीज गेली की एसडी कार्डाचा निकाल लागतो. दुसरं म्हणजे अडॅप्टर. जुन्या फोनचा चार्जर आणि हातभर लांब बारीक केबल लावली की पायला पाचच्या जागी साडेचार व्होल्ट मिळतात. ४.६३ च्या आसपास उतरलं की पाय तक्रार नोंदवतो आणि वेग कमी करतो. लोक समजतात गरम झालाय, आणि हीटसिंक आणायला धावतात! तुमचा पाय हळू चालत असेल तर बाकी काही करण्याआधी त्याला विचारा. व्हीसीजेनसीएमडी नावाची कमांड आहे, तिला गेट-थ्रॉटल्ड विचारायचं. उत्तर शून्य आलं तर उष्णता आणि वीज दोन्ही ठीक, तुमचा प्रोग्रॅमच हळू आहे. ५०००० आलं तर मधे कधीतरी व्होल्टेज पडलं होतं, चांगला अडॅप्टर आणा. ई०००० आलं तर मात्र खरंच तापला होता. पाच सेकंदांचं काम आहे, पण हे न करता खरेदीला निघणारे मी बरेच पाहिलेत, आणि ते सगळे सॉफ्टवेअरवाले, दिवसभर दुसऱ्यांना "आधी लॉग बघा" सांगणारे.

म्हणून अपग्रेडवर पैसे घालायचेच असतील तर माझा क्रम असा. आधी नीट अडॅप्टर. मग साठवण: पाय ४ ला यूएसबी ३ आहे, घरात पडलेली जुनी साटा एसएसडी एका एन्क्लोजरमध्ये घालून लावली तर एसडी कार्डाच्या तुलनेत मशीन नवं वाटतं. पाय ५ च्या एनव्हीएमईइतकं जलद नाही, पण संगीत आणि फोटो वाढायला किती वेग लागतो? मग राउटरचा छोटा यूपीएस मिळतो ना, त्याच जातीचा पाच व्होल्टचा. अकोल्याला हे सगळं आहे, शिवाय कार्ड ओव्हरले मोडमध्ये टाकलंय. रास्पी-कॉन्फिगमध्ये तसा पर्याय आहे. तो चालू केला की सगळं लिखाण रॅममध्ये होतं आणि कार्डाला कोणी हात लावत नाही. वीज कधीही जावो, पाय उठला की काल जसा होता तसा. बाबांना त्याचं नावही माहीत नाही. बटण दाबलं की वाजतं, एवढंच त्यांना माहीत आहे.

रॅम? रॅम वाढवता येत नाही, बोर्डवर सोल्डर केलेली असते. म्हणजे पायच्या बाबतीत "अपग्रेड" याचा अर्थ नवा बोर्ड विकत घेणं आणि जुना ड्रॉवरमध्ये टाकणं. माझ्या ओळखीतल्या प्रत्येकाकडे असा ड्रॉवर आहे. २०२१-२२ मध्ये जगभर टंचाई होती, पाय मिळत नव्हते, तेव्हा या ड्रॉवरांना सोन्याचा भाव आला होता. २०२५ च्या अखेरीस रॅम महागली म्हणून पायही महागला. घेतलाच पाहिजे असं काम असेल तर जरूर घ्या. व्हिडिओ ट्रान्सकोड करायचाय, चारपाच कंटेनर चालवायचेत, घरातल्या कॅमेऱ्यांवर चेहरे ओळखायचेत. पण मग एक प्रश्न स्वतःला विचारा, की त्या चाळीस पिनांना तुम्ही कधी हात लावणार आहात का? नसाल, तर तेवढ्याच पैशांत ऑफिसांतून निघालेला जुना मिनी पीसी मिळतो. एसएसडी, केस, पंखा, अडॅप्टर सगळं त्याच्यासकट, आणि रॅमच्या पट्ट्या बदलता येतात. पायप्रेमी मंडळींना हे ऐकवत नाही. मलाही ते म्हणताना थोडं वाईट वाटतं, पण हिशोब हिशोब आहे.

आणि पिना वापरणार असाल, सेन्सर, रिले, एलईडी, तर त्या कामाला पाय ५ म्हणजे भाजी आणायला ट्रक. २०२१ मध्ये आलेला झीरो २ डब्ल्यू १५ डॉलरचा, चार कोअर, ५१२ एमबी. तापायला तो खातोच किती!

माझ्या ड्रॉवरमध्ये एक पडलाय. अकोल्याला गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते खाली दिसावं अशी आईची जुनी मागणी आहे, रोज जिना चढून बघावं लागतं तिला. काम झीरोसाठी किरकोळ आहे. फक्त तो बसणार गच्चीवर, एप्रिलच्या उन्हात, म्हणजे खोलीचं तापमान ४१ धरून चालणार नाही. टाकीच्या सावलीत, उत्तरेच्या बाजूला, पांढरा रंग दिलेल्या डबीत, खाली भोकं पाडून ठेवायचा विचार आहे. सेन्सरची वायर मात्र आठ मीटर जाते, तिचं काय करायचं ते अजून ठरत नाहीये. कोणी अल्ट्रासॉनिक सेन्सर एवढ्या लांब नेला असेल तर सांगा.